नसलेल्या गांवाचें स्टेशन

नाशिकला जावयाचें तर नाशिकरोडला उतरावें लागतें, हें आपल्याकडे पोरासोरांसही ठाऊक आहे. बार्शीस जाणारे उतारूही एके काळीं बार्शीरोडला उतरत. त्या स्टेशनाचें आजचें नांव कुर्डुवाडी. रेल्वेच्या भाषेंत ‘रोड’ या शब्दाचा अर्थ रस्ता असा नसून ‘गांव येथें नाहीं, येथून पुढें आहे’ असा आहे. गांवापर्यंत रूळ नेणें परवडलें नाहीं, किंवा डोंगर आडवा आला, कीं कंपनीनें माळावर फलाट बांधावा आणि दूरच्या गांवाचें नांव उसनें घेऊन त्यास ‘रोड’ची शेपटी जोडावी, ही मूळची इंग्लंडांतील चाल. त्या इंग्लंडांत, ऑक्सफर्डशायर परगण्यांतील लाँग विटनहॅम या खेड्यांत, पेंडन नांवाचें एक संग्रहालय आहे. त्यांत ‘पेन टॉर रोड’ नांवाचें एक स्टेशन आहे. डार्टमूरच्या माळरानाच्या कडेस तें वसलें आहे असें समजावयाचें. पण प्रत्यक्ष डार्टमूरवर असें स्टेशन कधींच नव्हतें. गांव नाहींच, स्टेशनही नाहीं. आणि तरीही पाटीवर ‘रोड’ हा शब्द आहे. ज्यानें तो शब्द तेथें लिहिला त्याला कथालेखकाचें मर्म कळलें होतें, असें आमचें मत आहे. कारण त्या एका शब्दानें, फळीच्या कांठापलीकडे कोठेंतरी टेकडीच्या आड एक गांव आहे, तेथून एक घोडागाडी निघाली असेल, आणि गाडी चुकेल कीं काय या चिंतेनें कोणी तरी घड्याळ काढून पाहात असेल, एवढें सारें न दाखवितां दाखविलें आहे.

खेळण्यांतील आगगाडीचें परीक्षण वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु नसलेलीं माणसें निर्माण करणाऱ्या कादंबरीकाराची आपण बारकाईनें झडती घेतों, आणि नसलेलें स्टेशन निर्माण करणाऱ्या कारागिराकडे मात्र ‘काय हा मोठ्या माणसांचा पोरखेळ’ असें म्हणून पाठ फिरवितों, यांत न्याय नाहीं. दोघांचीही अडचण एकच आहे. जें कधीं घडलें नाहीं तें खरें कसें वाटावें?

लहान आकाराचा देखावा आपणांस अपरिचित नाहीं. घरोघरीं दिवाळींत मुलें किल्ला करतात. त्याच्या उतारावर अळीव उगवलेले असतात, पायथ्याशीं आरशाच्या तुकड्याचें तळें असतें, आणि ज्या दरवाज्यांतून त्याला कधीं आंत शिरतां येणार नाहीं त्याच दरवाज्यावर एक धिप्पाड मावळा पहारा करीत असतो. महाराज बुरुजापेक्षां उंच असतात. त्याचें कोणासच कांहीं वाटत नाहीं, व वाटूंही नये. कारण तो किल्ला पोवाड्याचा सख्खा भाऊ आहे. तेथें प्रमाण ठरतें तें थोरवीवरून, फूटपट्टीवरून नव्हे. विलायती लघुलोहमार्गाची प्रतिज्ञा याच्या नेमकी उलट आहे. तेथें फुटास चार मिलिमीटर, म्हणजे मूळच्या सुमारें शहात्तरावा हिस्सा, असें एकदां ठरलें कीं एंजिनाच्या धुराड्यापासून फलाटावरच्या दुधाच्या बरणीपर्यंत सर्वांनीं तो नियम पाळला पाहिजे. पोवाडा संपला, कादंबरी सुरू झाली, असेंच म्हणाना!

मौज अशी कीं एवढी कडक प्रतिज्ञा करणाऱ्या या मंडळींनीं आरंभींच एक मोठी लबाडी गिळलेली असते. इंग्लंडांत रुळांमधील अंतर ४ फूट ८॥ इंच. चार मिलिमीटरांच्या प्रमाणानें तें १८·८३ मिलिमीटर भरावयास पाहिजे. परंतु तेथें सर्वांत प्रचलित असलेल्या प्रकारांत तें १६·५ मिलिमीटरच असतें. इंग्लंडचीं एंजिनें अंगानें लहान. त्या काळच्या विजेच्या मोटारी त्यांच्या प्रतिकृतींत मावत नसत. म्हणून एंजिन थोडें मोठें केलें आणि रूळ मात्र होते तसेच ठेवले. परिणामीं, हिशेब करूं गेल्यास तेथील प्रत्येक गाडी सव्वाचार फुटांहूनही अरुंद रुळांवरून धांवते, आणि पाहणारा तें विसरतो. अंतराचीही तीच गत. या प्रमाणानें एक मैल म्हणजे सुमारें ६९ फूट. दोन स्टेशनांमधील चार मैलांचें अंतर प्रामाणिकपणें दाखवूं म्हटलें तर पावणेतीनशें फुटांची खोली लागेल. ती कोणापाशीं असणार? तेव्हां प्रमाणाचा नियम वस्तूंना लागू, अंतराला नाहीं. रंगभूमीवरही नट दोन पावलें चालतो आणि आपण त्यास वनवासास पोंचवितों.

आपल्या आलंकारिकांना ही अवस्था चांगली माहीत होती. शंकुकानें नाट्यानुभवाविषयीं जो चित्रतुरगाचा दृष्टान्त दिला आहे, तो येथें अक्षरशः लागू पडतो. चित्रांतला घोडा पाहून आपण हा घोडाच आहे असें समजत नाहीं. हा घोडा नव्हे असेंही म्हणत नाहीं. घोडा आहे कीं नाहीं अशी शंका घेत नाहीं, आणि घोड्यासारखें कांहींतरी आहे अशी तुलनाही करीत बसत नाहीं. या चारी ज्ञानांहून निराळीच अशी ती प्रतीति असते. घोड्याच्या जागीं लोखंडी घोडा घातला म्हणजे झालें. मात्र ही प्रतीति फार नाजूक असते. एखादें अनुचित आलें कीं ती मोडते, आणि मग उरतो तो पुठ्ठा आणि तार. म्हणून कल्पित स्टेशनाची परीक्षा नैपुण्यानें करावयाची नसून, क्षेमेंद्राचा शब्द वापरावयाचा तर, औचित्यानें करावयाची आहे.

या कसोटीस लावून पाहण्याजोग्या दोन कृति योगायोगानें पेंडनच्या एकाच छपराखालीं आहेत. त्यांतली जुनी म्हणजे जॉन अहर्न यांची ‘मॅडर व्हॅली’. १९३०नंतरच्या दशकाच्या अखेरीस ती आकारास येऊं लागली. १९६१ सालीं अहर्न वारले व त्यांची ही कृति पुढें पेंडनला आली. त्या काळीं बहुतेक हौशी लोकांचा जीव एंजिनांत अडकलेला असे. फळीवर रूळ वर्तुळांत फिरत आणि मधून एखादा कागदी बोगदा असे. अहर्न यांनीं हा क्रम उलटा केला. त्यांनीं प्रथम एक खोरें कल्पिलें, त्याच्या तोंडाशीं बंदर कल्पिलें, आणि मग त्या मुलुखाच्या गरजेपुरती आगगाडी त्यांतून नेली. घरांच्या भिंती मळक्या, डबे धुरकट, कोठेंही नवेपणाची चकाकी नाहीं. स्टेशनांचीं नांवें मॅडरपोर्ट, मच मॅडर, गॅमन मॅग्ना अशीं. मॅडर म्हणजे आपली मंजिष्ठा. पण त्याच शब्दाचा ‘अधिक वेडा’ असाही अर्थ इंग्रजींत होतो, आणि गॅमन म्हणजे खारवलेलें डुकराचें मांस तसेंच थापही. म्हणजे कर्त्यानें स्टेशनाच्या पाटीवरच डोळा मिचकावून ठेवला आहे.

येथें एंजिनें निरनिराळ्या लहान लोहमार्गांवरून उचललेलीं आहेत. घरेंही देशाच्या चार कोपऱ्यांतलीं आहेत. कठोर टीकाकार याला भेसळ म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं, कारण त्या भेसळीला एक कारण आहे: गरीब खेडवळ कंपन्या खरोखरच मोठ्या कंपन्यांचीं टाकलेलीं एंजिनें विकत घेऊन चालत. दरिद्री संसारांत भांडीं एका घडणीचीं नसतात. अहर्न यांनीं आपल्या आवडीला या वस्तुस्थितीचें पांघरूण घातलें, आणि तें नीट पुरलें. मॅडर व्हॅली ही विनोदी कादंबरी आहे, आणि विनोदी कादंबरीला जेवढी सूट द्यावयाची तेवढीच तिनें घेतली आहे.

पेंडनची स्वतःची कृति निराळ्या गोत्राची. तिचे कर्ते रॉय इंग्लंड हे नांवानें इंग्लंड असले तरी जन्मानें ऑस्ट्रेलियाचे. १९२५ सालीं ते विलायतेंत आले ते ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या प्रेमानें. गाड्या पाहतां पाहतां ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ या खोऱ्यांतील खेड्यांनीं त्यांचें मन वेधलें. आणि त्याच वेळीं त्यांना दिसलें कीं हीं खेडीं डोळ्यांदेखत बदलत आहेत, शाकारलेलीं छपरें उतरून त्यांवर ॲस्बेस्टॉसचीं कौलें चढत आहेत. १९३१च्या सुमारास त्यांनीं घरें मोजून, टिपून, पुठ्ठ्यांत उतरविण्यास आरंभ केला. एकेक वीट कोरावयाची, जलरंगानें निरनिराळी रंगवावयाची. छप्पर शाकारावयाचें तें नळकामास लागणाऱ्या तागाच्या धाग्यांनीं. एका घराला शेंकडों तास. १९५४ सालीं त्याचें संग्रहालय झालें आणि पुढें अनेकांचे हात त्यास लागले. त्या खोऱ्याचा मुख्य देखावा सुमारें ७० फूट लांब आहे. म्हणजे वरच्या हिशेबानें जेमतेम एक मैल.

या देखाव्यांतील गांवाचें नांव ‘पेंडन पार्व्हा’. गांव कल्पित, परंतु त्यांतलें प्रत्येक घर कोठें ना कोठें खरोखर उभें होतें. अवयव सर्व खरे आणि शरीर मात्र रचलेलें! ऐतिहासिक कादंबरीकार जेव्हां अस्सल कागदपत्रांचे तुकडे जोडून एक दरबार उभा करतो तेव्हां तो हेंच करतो. आणि येथें आम्हांस जी शंका येते तीही तीच आहे. खऱ्या खेड्यांत एक सुंदर घर असतें, चार बेताचीं असतात, आणि एखादें पाहावत नाहीं. पेंडन पार्व्हांत दहा खेड्यांचीं दहा देखणीं घरें शेजारीं बसलीं आहेत. संमेलनाच्या मंडपांत सारे कवि एका रांगेंत बसावेत तसें तें वाटतें; प्रत्येक जण अस्सल, पण ही रांग कांहीं अस्सल नव्हे.

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. रॉय इंग्लंड यांना ज्या कौलांचें दुःख झालें तीं कौलें कोणी घातलीं? त्या घरांत राहणाऱ्यांनींच, किंवा त्यांच्या घरमालकांनीं. कोंकणांत दर वर्षीं मृगापूर्वीं ज्याला घर शाकारावें लागत असे त्याला विचारावें, म्हणजे गवती छपराचें काव्य किती गळतें तें तो सांगेल. दोन महायुद्धांमधल्या काळांत इंग्लंडची शेती मंदींत होती. शेतमजूर गरीब होता. या देखाव्यांत ऊन आहे, फुलबागा आहेत, पण ती मंदी शोधावी लागते. तरीही या कृतीला हळवी म्हणून बाजूस सारतां येत नाहीं, कारण तिच्या कर्त्यानें हळवेपणावर मोजपट्टीचा अंकुश ठेवला. ज्याला केवळ उसासे टाकावयाचे असतात तो विटा मोजीत बसत नाहीं. आज त्यांतलीं कित्येक घरें बदललीं आहेत किंवा पडलीं आहेत. त्यांची उंची, दाराची जागा, भिंतीचा रंग हें सारें पुठ्ठ्यांत शिल्लक आहे.

आमची खरी तक्रार आहे ती पेन टॉर रोडविषयीं. आणि जी कृति आवडते तिच्याविषयींच तक्रार करावी. त्या स्टेशनालगत दरीवर ब्रुनेलच्या पद्धतीचा एक उंच लांकडी पूल आहे. दगडी खांबांवर पंख्याच्या काड्यांसारखीं तुळयांचीं टोकें पसरलेलीं; पाहतांना श्वास थांबतो. पण ग्रेट वेस्टर्ननें आपल्या मुख्य मार्गावरचे असले पूल विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बदलून टाकले होते. उरले ते शाखांवर, आणि त्यांतला फाल्मथच्या शाखेवरचा शेवटचा १९३४ सालीं गेला. पेंडनच्या या पुलावरून मात्र नामांकित एक्सप्रेस गाड्या अवजड एंजिनांनिशीं धडधडत जातात. पूल खरा, गाडी खरी. पण त्यांची भेट खरी नव्हे. आणि ही तडजोड मॅडर व्हॅलीसारखी हंसून केलेली नाहीं, गंभीर चेहऱ्यानें केलेली आहे. ज्या घरांत एकेका विटेचा हिशेब ठेवतात त्या घरांत एवढी मोठी उधळपट्टी खटकते. त्यापेक्षां दोन डब्यांची लोकल गाडी त्या पुलावरून बेतानें गेली असती, तर ‘रोड’ या शब्दाचा मान राहिला असता. प्रेक्षकांना मोठीं एंजिनें आवडतात हें खरें. नाटकांतही पदाला ‘वन्स मोअर’ मिळतो म्हणून नायक मरतांना दोनदां गातो.

याच्या उलट, एकाच ‘जर’वर उभी राहिलेली कृति पाहावयाची असेल तर रेव्हरंड पीटर डेनी यांची ‘बकिंगहॅम’ पाहावी. बकिंगहॅम हें खरेंच गांव आहे व तेथें खरेंच स्टेशन होतें. पण तें लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नचें. ग्रेट सेंट्रल कंपनीनें १८९९ सालीं लंडनपर्यंत जो नवा मार्ग सुरू केला तो बकिंगहॅमला न जातां जवळच्या ब्रॅक्लीवरून गेला. डेनी यांनीं म्हटलें, समजा ग्रेट सेंट्रलनें येथें एक शाखा आणली असती तर? बस्स, एवढीच एक कल्पना. काळ ठरविला १९०७च्या आसपासचा. त्या एका गृहीतापासून पुढें सर्व कांहीं तर्कशुद्ध: एंजिनें कोणतीं येतील, मालधक्का केवढा लागेल, दूध केव्हां निघेल. १९४०नंतरच्या दशकांत आरंभिलेलें हें काम डेनी यांनीं पुढें आयुष्यभर चालविलें. स्टेशनें घंटांच्या खुणांनीं एकमेकांशीं बोलत. आणि पडद्यामागचें स्टेशन संभाळणारा मुलगा हाताशीं नसे तेव्हां त्याचें काम करणारें, घंटेला घंटेनें उत्तर देणारें एक विजेचें यंत्र डेनी यांनीं बनविलें व त्याला मुलाचेंच नांव दिलें: ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’. पितृप्रेमाचा याहून कोरडा आणि याहून खरा दाखला आमच्या पाहण्यांत नाहीं.

डेनींच्या कृतींतील महत्त्वाची वस्तु म्हणजे वेळापत्रक. चित्राला काळ नसतो, शिल्पाला नसतो, या कलेला असतो. गाडी येते, थांबते, एंजिन सुटून मागच्या टोकाला जाऊन लागतें, गाडी परत जाते. आणि मग बराच वेळ कांहीं होत नाहीं. तो रिकामा वेळ हा खेड्यांतील स्टेशनाचा स्थायीभाव आहे. सारखी गाडी फिरवीत ठेवणाऱ्याच्या हें लक्षांत येत नाहीं. शिवाय येणारी गाडी कोठून तरी यावी लागते. त्यासाठीं देखाव्याच्या टोकाशीं, भिंतीच्या आड, प्रेक्षकांना न दिसणारे रूळ असतात. तेथें गाड्या रचतात, फिरवितात. ती या रंगभूमीची विंग. लंडन असो, समुद्र असो, सारें जग त्या चार उघड्या रुळांवर असतें. चांगल्या कृतींत विंगेंतलें जग रंगमंचापेक्षां मोठें वाटतें, वाईट कृतींत गाडी कपाटांतून येते.

थॉमस नांवाच्या एंजिनाच्या गोष्टींमुळें जगभरच्या मुलांना परिचित झालेले रेव्हरंड ऑड्री यांनींही आपल्या कल्पित सोडोर बेटावरील फार्कर या स्टेशनाचा देखावा रचला होता. पण तेथें कथा आधीं आणि स्टेशन नंतर, म्हणून त्याचा विचार येथें नको. आपल्याकडे उलट क्रमाचें एक उदाहरण आहे. आर. के. नारायण यांचें मालगुडी, जें १९३५ सालच्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’मध्यें प्रथम वाचकांपुढें आलें, तें लेखकाला पहिल्यानें सुचलें तें एक लहानसें रेल्वे स्टेशन म्हणून. फलाट आधीं, गांव मागाहून.

मराठी मुलुखांत हें कोणीं करावयाचें? पुण्यास कोथरुडांत जोशी यांचें लघुरेल्वे-संग्रहालय १९९८ सालीं सुरू झालें. त्यांतील शहर कल्पित आहे, परंतु रेल्वेचे नाना प्रकार एकत्र दाखविणें हा त्याचा हेतु असल्यामुळें तें अमुक एका मातींतलें असावें अशी अपेक्षा करणें अन्यायाचें होईल. आमच्या डोळ्यांपुढें आहे ती बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनीं अडीच फुटी रुळांवर ती उभारली. १८९७ सालीं बार्शीरोड ते बार्शी, १९०६ला पंढरपूर, १९११ला लातूर, १९२७ला मिरज. याच कॅल्थ्रॉपांच्या अनुभवावरून इंग्लंडांत लीक अँड मॅनिफोल्ड ही चिमुकली रेल्वे १९०४ सालीं झाली, आणि बार्शीच्या वळणाचे, टोकांना उघडा सज्जा असलेले डबे स्टॅफर्डशायरच्या दरींत धांवले. तिचीं स्टेशनें दरींत आणि गांवें वर टेकडीवर! ती १९३४ सालीं बंद पडली. त्या इंग्रजी दरीची आठवण पुसूं नये म्हणून धडपडणारे लोक अद्याप आहेत. बार्शीचे अरुंद रूळ या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत उखडून तेथें रुंद रूळ आले. प्रवाशांची सोय झाली. त्याविषयीं उसासे नकोत, कौलांची गोष्ट वर सांगितलीच आहे. पण त्या स्टेशनांची उंची, खिडक्यांची ठेवण, मालधक्क्यावरच्या कापसाच्या गांठी, पाण्याच्या टाकीखालचा चिखल, हें ज्यांनीं रोज पाहिलें तीं माणसें आतां म्हातारीं होत चाललीं आहेत.

तेथें एक कल्पित स्टेशन रचावें. खऱ्याची नक्कल करूं नये. नक्कल केली कीं ‘आमच्या स्टेशनावर लिंब होता, बाभूळ नव्हती’ असा वाद सुरू होतो. कुर्डुवाडी आणि पंढरपूर यांच्या मध्यें कोठें तरी, गांवापासून दोन कोस दूर, काळ्या रानांत एक फलाट. त्याचे अवयव मात्र पेंडनच्या रीतीनें मोजून घेतलेले असावेत. एकच अवघड प्रश्न राहतो तो दिवसाचा. वर्षांतले बहुतेक दिवस या फलाटावर एखादा पोर्टर आणि एखादी शेळी. आणि आषाढींत पाय ठेवावयास जागा नाहीं, पताका, टाळ, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. दोन्ही खरें, एका फळीवर दोन्ही दाखवितां येणार नाहीं. आमचें मत विचाराल तर द्वादशीनंतरचा एखादा दिवस घ्यावा: शेवटची यात्रास्पेशल निघून गेलेली, फलाटावर तुळशीचीं पानें व चुरमुरे, आणि पुढची गाडी संध्याकाळीं.

प्रमाण निवडतांना फुटास साडेतीन मिलिमीटर घ्यावें. अडीच फुटांचे त्या हिशेबानें पावणेनऊ मिलिमीटर होतात, आणि बाजारांत तयार मिळणारे रूळ नऊ मिलिमीटरांचे असतात. पाव मिलिमीटराचा फरक. इंग्रजांना जी सात इंचांची लबाडी गिळावी लागली ती येथें करावी लागणार नाहीं.